बाईच्या हातचं प्रभुभोजन: मत बदललेल्यांनी जरा लिहा

विश्रामबागकर
जय ख्रिस्त मंडळी. विषय आमच्या ख्रिस्ती घरातला आहे पण इथं सगळेच वाचतात म्हणून थोडं फोड करून लिहितो. मी सांगलीत एका मंडळीच्या (चर्चच्या सभासदांच्या समूहाच्या) कमिटीवर आहे. आमच्यातल्या एका मुलीला, बी.एस्सी. झालीय, पाळक व्हायचंय, म्हणजे उपासना चालवायची आणि प्रभुभोजन (ख्रिस्ताच्या आठवणीसाठी भाकर आणि प्याला देण्याचा विधी) द्यायचं. त्यासाठी सेमिनरीत (पाळकांच्या शिक्षणसंस्थेत) बी.डी. ही धर्मशास्त्राची पदवी घ्यावी लागते आणि सेमिनरीला जायला मंडळीचं शिफारसपत्र लागतं. पुढच्या महिन्यात हा विषय मीटिंगला येतोय. नियमाची अडचण नाही, आमच्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात बायकांना पाळकीय दीक्षा मिळते, ओडिशात फुलबनीला तर व्हायोलेट नायक बिशप आहेत. पण नियम वहीत असतो आणि रविवारी समोर बाकावर माणसं बसलेली असतात. कुजबूज आत्ताच सुरू झालीय.

मी स्वतः बरीच वर्षं याच्या विरोधात होतो. बायबलातल्या पौल या प्रेषिताच्या पत्रातलं वचन, १ तीमथ्य २:१२, माझ्या दृष्टीनं स्पष्ट होतं, स्त्रीनं शिकवू नये, पुरुषावर अधिकार चालवू नये, विषय संपला. आता माझं मत तसं राहिलेलं नाही. कुणी वादात हरवलं म्हणून नाही, करिंथकरांस पहिलं पत्र सलग वाचलं म्हणून. १४ व्या अध्यायात बायकांनी मंडळीत गप्प राहावं असं पौल लिहितो, ते सगळ्यांना पाठ असतं. पण त्याच पत्रात ११ व्या अध्यायात तोच पौल सांगतोय की बाईनं प्रार्थना करताना, संदेश देताना डोकं झाकावं. अहो, तिनं तोंडच उघडायचं नसतं तर झाकून संदेश द्यायचा की न झाकता हा प्रश्न आला कुठून? आपल्या बायका चर्चमध्ये शिरताना डोक्यावर पदर घेतात तो याच अध्यायातून आलाय. म्हणजे पदर आपण ठेवला आणि त्याच वाक्यातला संदेश काढून टाकला.

दुसरी गोष्ट, मंडळीत आजाऱ्याकडं कोण जातं, संडे स्कूल कोण चालवतं, कुणाकडं मयत झाली तर पहिल्यांदा जाऊन चूल कोण सांभाळतं आणि रात्री तिथं प्रार्थना कोण चालवतं, बघा. बायकाच. आपण त्यांना फक्त प्रभुभोजनाच्या मेजाजवळ आणि व्यासपीठाशी अडवतो.

तर प्रश्न असा, तुमच्यापैकी कुणाचं मत बदललं का, या बाजूला नाहीतर त्या बाजूला? आणि कशानं बदललं? मीटिंगमध्ये मला बोलायचंय, तयारी करतोय.

तासगावची द्राक्षं
वाचतेय. महत्त्वाचा धागा.

रूथ मिरज
विश्रामबागकर भाऊ, बरं झालं काढलात विषय. मी नर्स म्हणून रिटायर झाले आणि सांगते, माझाही विरोध होता. लोकांना वाटतं विरोध म्हणजे पुरुषांचा, पण आमच्या महिला मंडळातच जास्त होता. कारण विचाराल तर वचन वगैरे काही नाही, सवय. पाळकसाहेब म्हटलं की डोळ्यांपुढं वडीलधारा माणूस, जाड आवाज, तो "प्रभूची शांती" म्हणणार आणि मग आपल्याला बरं वाटणार. बाई तेच म्हणेल तर बरं वाटेल का, ही शंका.

बहिणीकडं पुण्याला गेले होते तेव्हा तिथल्या उपासनेत बाई प्रेस्बिटर (दीक्षा झालेल्या पाळक) होत्या. मला आधी माहीत असतं तर बहिणीला सांगून दुसऱ्या चर्चला गेले असते. प्रभुभोजनाला आम्ही कठड्याशी गुडघे टेकले. माझ्या शेजारी एक आजी, हातांना कंप, पार्किन्सनचा असावा. छोट्या ग्लासांचा ट्रे फिरतो बघा, त्यातला ग्लास उचलताना त्यांचा हात इतका हलत होता की रस सांडणारच. बाईंनी ट्रे दुसऱ्या हाताकडं सरकवला, आजींच्या बोटांवर आपली बोटं ठेवली आणि ग्लास ओठापर्यंत नेला, पूर्ण वेळ वाक्य म्हणत होत्या, "तुझ्यासाठी सांडलेलं रक्त", घाई नाही, आवाज तोच. मग रुमालानं हनुवटी टिपली आणि पुढं माझ्याकडं आल्या. मी आयुष्यभर पेशंटला पाणी पाजलंय, मला ते हात ओळखू आले. त्यानंतर माझ्याकडं विरोधाला मुद्दाच उरला नाही, खरं सांगते.

आणि वॉर्डात रात्री अडीच वाजता पेशंट "सिस्टर प्रार्थना करा" म्हणतो तेव्हा कुणी विचारत नाही तुम्हाला दीक्षा आहे का म्हणून. आम्ही करत आलोय.

दावीद कोरेगाव
मी विरोधात आहे आणि तसं स्पष्ट लिहितो, कुणी राग मानू नये.

विश्रामबागकर साहेब, करिंथ ११ चा मुद्दा चांगला आहे, मान्य. पण संदेश देणं वेगळं आणि मंडळीवर देखरेख करणं वेगळं. तीमथ्याच्या पत्रात पौल कारण काय देतो ते पुढच्याच ओळीत आहे, आदाम आधी घडवला गेला मग हव्वा. तीमथ्य जिथं होता त्या इफिसातल्या भांडणाचं कारण तो देत नाही, उत्पत्तीचं देतो. त्यामुळं "तो त्या काळापुरता नियम होता" म्हणणं मला पटत नाही. पुढं ३ ऱ्या अध्यायात अध्यक्ष, म्हणजे मंडळीवर देखरेख करणारा, "एका स्त्रीचा पती" असावा असं आहे. प्रभूनं बारा निवडले, बाराही पुरुष, आणि मरीया, मार्था सगळ्या आसपास असताना.

अजून एक, असं बोललं जातं की काळ पुढं चाललाय आणि तुम्ही आम्ही मागं राहिलो. काळ एकाच बाजूला जात नाही. ऑस्ट्रेलियातल्या प्रेस्बिटेरियन चर्चनं १९७४ ला बायकांना दीक्षा द्यायला सुरुवात केली आणि १९९१ ला तो निर्णय मागं घेतला. लाटव्हियाच्या लुथरन चर्चमध्ये १९७५ पासून बाई पाळक होत्या, १९९३ ला नवीन दीक्षा थांबवल्या आणि २०१६ ला तसा ठरावच केला. त्यांनीही वचन वाचूनच मत बदललं. म्हणून "मत बदललं" एवढ्यावरून ते बरोबर दिशेनं बदललं असं ठरत नाही.

रूथ ताई, तुमची हकिकत मनाला लागली. पण सेवा कोण करतं याबद्दल वाद नाहीच. माझी आजी बायबलबाई होती, खांद्याला पिशवी, त्यात चित्रांचे तक्ते, कोरेगावपासून पायी गावोगाव जायची. तिच्याएवढी माणसं कुठल्या पाळकानं ख्रिस्ताकडं आणली नसतील. तिनं दीक्षा मागितली नाही.

विश्रामबागकर
दावीद भाऊ, मनापासून आभार. नेमकं असंच कुणीतरी लिहायला पाहिजे होतं.

"एका स्त्रीचा पती" शब्दशः धरलं तर पौल स्वतः बसत नाही, अविवाहित होता. प्रभूही बसत नाही. तिथं रोख एकनिष्ठपणावर आहे असं आपण अविवाहित पाळकांच्या बाबतीत बिनदिक्कत मानतो, मग बाईच्या बाबतीतच ते पुरुष असण्याची अट का होतं? आणि बारा जणांचं म्हणाल तर बाराही यहूदी होते. आपण सांगली-साताऱ्याचे लोक त्या हिशेबानं कुठंच बसत नाही.

आदाम-हव्वेचा मुद्दा मात्र जड आहे, त्यावर मला अजून वाचायचंय.

आजींबद्दल एक विचारतो, राग नको. त्यांनी दीक्षा मागितली नाही, की त्यांच्या काळात मागायचा रस्ताच नव्हता?

वाईचा घाट
इतिहासाची आवड म्हणून थोडी भर घालतो, लांब होईल.

सगळ्यात आधी आपल्या भागाचं. सांगली, मिरज, कोल्हापूर हा अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचा मुलूख, मिरजेचं डॉ. वानलेस यांचं हॉस्पिटल १८९४ चं. सातारा, वाई ही अमेरिकन मराठी मिशनकडं, म्हणजे काँग्रिगेशनल परंपरा. आता गंमत बघा. अमेरिकेत १८५३ साली अँटोनेट ब्राऊन या बाईंना पाळक म्हणून दीक्षा मिळाली ती काँग्रिगेशनल चर्चमध्येच. म्हणजे साताऱ्याच्या परंपरेच्या घरात हा विषय जवळपास पावणेदोनशे वर्षं जुना आहे. सांगली-मिरजेच्या प्रेस्बिटेरियन घरात १९३० ला बायका 'वडील' (मंडळीचा कारभार पाहणारे पुढारी) होऊ लागल्या आणि १९५६ ला मार्गारेट टाउनर यांना पाळकीय दीक्षा झाली. "हे आत्ताचं नवीन फॅड" असं मीटिंगमध्ये कुणी म्हटलं तर या तारखा सांगा.

पण मला स्वतःला ज्या गोष्टीनं हलवलं ती फ्लॉरेन्स ली टिम-ओई यांची. हाँगकाँगच्या. १९४१ ला त्या डिकन (पाळकाच्या खालची पायरी) झाल्या आणि मकावला मंडळी सांभाळत होत्या. दुसरं महायुद्ध, जपान्यांनी हाँगकाँग घेतलेलं, मकाव निर्वासितांनी भरलेलं आणि तिथं पोचू शकेल असा एकही अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतला) पाळक नाही. लोकांना प्रभुभोजन द्यायचं कुणी? बिशप रोनाल्ड हॉल यांनी आधी त्यांना तशी परवानगी दिली, आणि मग विचार केला की काम द्यायचं आणि दीक्षा द्यायची नाही हे बरोबर नाही. २५ जानेवारी १९४४ ला त्यांनी रीतसर दीक्षा दिली. सगळ्या अँग्लिकन जगात पहिलीच. युद्ध संपल्यावर वरून दबाव आला, हॉल यांच्यावर टीका झाली, तर या बाईंनी बिशपांना त्रास नको म्हणून १९४६ ला आपला परवाना परत केला. दीक्षा मात्र टाकली नाही. पुढं चीनमध्ये चर्चेस बंद पडली, सांस्कृतिक क्रांतीत हाल झाले. १९७१ ला हाँगकाँगनं पुन्हा बायकांना दीक्षा देणं सुरू केलं. इंग्लंडमध्ये पहिल्या ३२ जणींना ब्रिस्टलच्या कॅथीड्रलमध्ये दीक्षा मिळाली ती १९९४ ला, म्हणजे मकावनंतर पन्नास वर्षांनी.

ही बाई हक्कासाठी भांडली नाही. काम पुढ्यात आलं ते केलं, आणि चर्चनं नको म्हटल्यावर बाजूला झाली. तरी देवानं तिला बोलावलंच नव्हतं असं म्हणायची माझी हिंमत होत नाही.

तासगावची द्राक्षं
+१. यातलं काहीच माहीत नव्हतं. चर्चमध्ये हे कधी सांगतच नाहीत.

दावीद कोरेगाव
विश्रामबागकर साहेब, राग नाही. आजीचं खरं सांगायचं तर मला माहीत नाही. विचारायला हवं होतं.

वाईचा घाट, माहिती उत्तम. पण आणीबाणीत दिलेली सूट म्हणजे कायमचा नियम नव्हे.

सज्जनगड प्रेमी
मी ख्रिस्ती नाही, माहुलीचा. पण विषय वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय, अवांतर वाटलं तर सोडून द्या.

आमच्याकडं मिरजेच्या वेणाबाई. बालविधवा, समर्थांच्या शिष्या. त्या काळात विधवेनं उंबऱ्याबाहेर दिसायचं नाही आणि समर्थांनी त्यांना उभं राहून कीर्तन करायची परवानगी दिली, मिरजेला मठ दिला. वेणास्वामी म्हणतात त्यांना. समर्थांच्या मागं सज्जनगडाचा कारभार पाहिला तो अक्कास्वामींनी, म्हणजे बाईनंच. लोकांनी तेव्हाही नावं ठेवली असणारच. अलीकडं पुण्यात ज्ञान प्रबोधिनीच्या स्त्री पुरोहित लग्नं, मुंजी, श्राद्धं करतात, माझ्या भाचीचं लग्न त्यांनीच लावलं. सुरुवातीला नाक मुरडणारी आमची आत्या अर्थ समजावून सांगितलेला ऐकून शेवटी पहिल्या रांगेत जाऊन बसली.

एक प्रश्न. तुमच्याकडं बाई प्रवचन देऊ शकते असं वर वाचलं. मग दीक्षेनं नेमकं जास्तीचं काय मिळतं? भांडण पदाचं आहे का?

एस्तेर पी
बरेच दिवस नुसती वाचत होते, हा प्रश्न आला म्हणून लिहिते. मी दीक्षित प्रेस्बिटर आहे. सध्या कुठं नेमणूक आहे ते लिहीत नाही, मूळची मिरजेची.

सज्जनगड प्रेमी दादा, तुमचा प्रश्न अगदी बरोबर जागी आहे. वचन सांगणं, प्रार्थना चालवणं हे परवानगीनं कुणीही सभासद करू शकतो. दीक्षा म्हणजे बिशप आणि इतर पाळक डोक्यावर हात ठेवून त्या सेवेसाठी वेगळं करतात. आधी डिकन, मग काही काळानं प्रेस्बिटर. प्रेस्बिटर झाल्यावरच भाकर आणि प्याला आशीर्वादित करता येतो, पापक्षमेची घोषणा करता येते. आता खेड्यातलं चित्र डोळ्यांपुढं आणा. एका पाळकाकडं पाच-सहा गावं. तो एका गावाला महिन्या-दोन महिन्यांतून येणार. त्या गावात रोजची मंडळी सांभाळणारी एक बाई आहे, तिला सगळ्यांची दुखणी-खुपणी माहीत आहेत, आणि तरी म्हातारं माणूस प्रभुभोजन मागत असताना तिनं फक्त "पाळकसाहेब येतील" एवढंच म्हणायचं. हे पदाचं भांडण नाही. माणसाला भाकर वेळेवर मिळते की नाही याचं आहे.

माझं स्वतःचंही मत आधी वेगळं होतं. मला शिकवायला जायचं होतं, दीक्षा घ्यायची नव्हती, वाद नको म्हणून. सेमिनरीत असताना एका गावात प्रॅक्टिकलला पाठवलं. तिथं एका बाईंनी मला विचारलं की तुम्ही माझ्या पोराला बाप्तिस्मा द्याल का, तो फार आजारी आहे. मी म्हटलं मी देऊ शकत नाही. अशा वेळी कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतो असा चर्चचा नियम आहे हे मला माहीत होतं, पण तोंडातून "नाही" निघून गेलं कारण नाही म्हणायची सवय लागली होती. पोरगा वाचला, देवाची कृपा, आता मोठा झालाय. पण मी त्या दिवसापासून दीक्षा घ्यायची ठरवली.

दावीद दादा, तुमच्यासारखी माणसं माझ्या मंडळीत आहेत. एक काका दीड वर्ष माझ्या हातून प्रभुभोजन घेत नव्हते, कठड्याशी यायचेच नाहीत. मी त्यांच्या घरी जाणं थांबवलं नाही. अजूनही ते मताला पक्के आहेत. पण बायकोच्या ऑपरेशनच्या आदल्या रात्री फोन मलाच केला.

ढोलताशा
आमच्या मुक्तिफौजेत (साल्व्हेशन आर्मीत) हा प्रश्नच नाही हो. संस्थापकांपैकी कॅथरीन बूथ स्वतः उपदेश करायच्या, आणि १९३४ ला जगभरच्या फौजेची जनरल झाली ती इव्हँजेलीन बूथ, त्यांची मुलगी. मुंबईत फौज आली १८८२ ला, तेव्हापासून बाई ऑफिसर आहेत. आमच्या घरी लहानपणी कॅप्टन म्हणजे बाई आणि त्यांचे मिस्टरही कॅप्टन, दोघं युनिफॉर्ममध्ये, घरी यायचे, ढोल वाजवायचे. आम्हाला त्यात वेगळं कधी वाटलंच नाही.

दावीद कोरेगाव
ढोलताशा भाऊ, मुक्तिफौजेबद्दल आदर आहे पण तुमच्याकडं प्रभुभोजन आणि बाप्तिस्मा हे विधीच पाळत नाहीत ना. त्यामुळं तुमचा दाखला इथं पुरता लागू होत नाही.

एस्तेर ताई, तुम्ही लिहिलंत याबद्दल आदर वाटला. ते काका माझ्या वयाचे असावेत.

ढोलताशा
हो ते खरंय, मेजाचा प्रश्न आमच्याकडं येत नाही. पण अधिकाराचा येतो की. तुम्ही वचन दाखवलंत ते पुरुषावर अधिकार चालवण्याबद्दल, आणि आमची जनरल तर सगळ्या फौजेला हुकूम द्यायची.

पोवई नाका
मी कॅथलिक, साताऱ्यात राहतो. आमची बाजू थोडक्यात. आमच्याकडं कायद्यातच आहे की दीक्षा फक्त बाप्तिस्मा झालेल्या पुरुषाला. १९९४ ला पोप जॉन पॉल दुसरे यांनी पत्र काढून सांगितलं की बायकांना दीक्षा द्यायचा अधिकारच चर्चकडं नाही. म्हणजे देत नाही असं नाही, देऊ शकत नाही, प्रभूनं घालून दिलेलं बदलायचा अधिकार नाही, असा तो युक्तिवाद. फादर मेजाशी ख्रिस्ताच्या जागी उभा असतो ही त्यामागची समजूत.

माझं मत काय? मी चर्चच्या शिकवणीत राहतो. पण एक गोष्ट आमच्याकडंही हललीय. २०१६ ला मग्दालीया मरीयेचा २२ जुलैचा दिवस प्रेषितांच्या सणांच्या बरोबरीला आणला. पुनरुत्थान झाल्यावर प्रभू पहिल्यांदा दिसला तो तिला, आणि "जा, माझ्या भावांना सांग" हा निरोप तिलाच दिला. २०२१ पासून वाचन आणि वेदीजवळची सेवा या नेमणुका रीतसर बायकांनाही मिळतात. डिकनचा विषय पोप फ्रान्सिस यांनी दोन वेळा समिती नेमून अभ्यासाला टाकला होता. आमच्या शाळा आणि दवाखाने सिस्टरांनी उभे केलेत, सगळ्यांना माहीत आहे. मला एवढंच वाटतं की याबद्दल मोकळेपणानं बोलता यावं.

रूथ मिरज
पोवई नाका भाऊ, मग्दालीया मरीयेवरून आठवलं. अमेरिकेतले रिक वॉरन, मोठ्या चर्चचे पाळक, बॅप्टिस्ट, त्यांनीही मत बदललं. त्यांच्या चर्चनं २०२१ ला तीन बायकांना दीक्षा दिली आणि २०२३ ला सदर्न बॅप्टिस्ट संघानं ते चर्चच बाहेर काढलं. ते जी वचनं सांगतात त्यात हेच आहे, मरीयेला पाठवलं ते, दुसरं पुनरुत्थानानंतर पन्नासाव्या दिवशी प्रेषित पेत्रानं वाचलेलं "तुमचे पुत्र व तुमच्या कन्या संदेश देतील", तिसरं प्रभूची शेवटची आज्ञा, सर्व राष्ट्रांस शिष्य करा. म्हातारपणी एवढा माणूस जाहीरपणे मत बदलतो आणि त्याची किंमत देतो.

आणि कँटरबरीच्या आर्चबिशप (इंग्लंडच्या चर्चच्या प्रमुख) म्हणून ऑक्टोबर २०२५ मध्ये सारा मलाली यांचं नाव जाहीर झालं, त्या आधी नर्स होत्या बरं का! आमच्या रिटायर्ड नर्सेसच्या ग्रुपवर त्या दिवशी नुसता आनंद.

दावीद कोरेगाव
आणि त्याच महिन्यात गॅफकॉन या परंपरावादी गटाच्या अँग्लिकन मंडळींनी विरोध जाहीर केला, तेही लिहा ताई. त्यात आफ्रिकेतली मोठमोठी चर्चेस आहेत.

रूथ मिरज
हो केला. लिहिलं बघा तुम्ही :)

तासगावची द्राक्षं
एस्तेर ताई, एक बाळबोध प्रश्न. साडीवर तो पांढरा झगा आणि गळ्यातला पट्टा कसा सांभाळता?

एस्तेर पी
हाहा, हे सेमिनरीत कुणी शिकवत नाही! स्टोल, म्हणजे तो पट्टा, पुरुषांच्या खांद्यावर नीट बसतो कारण आत शर्ट असतो. आत साडी असली की पदराच्या निऱ्यांवरून घसरतो. प्याला दोन्ही हातांनी वर उचलला की स्टोल डावीकडं सरकणार हे ठरलेलं. मी आता आतून दोन सेफ्टी पिना लावते, एक खांद्याला, एक पाठीमागं, आणि पदर पुढं न घेता कमरेला खोचते. सुती साडी, सिल्क अजिबात नको. पहिल्या रविवारी मंडळीतल्या एका मावशींनी वेस्ट्रीत (झगे घालायच्या खोलीत) येऊन मला पिना लावून दिल्या, त्या स्वतः बाई पाळकाच्या विरोधात होत्या पण म्हणाल्या "गबाळं दिसायला नको देवापुढं".

सज्जनगड प्रेमी
या मावशी प्रत्येक धर्मात असतात.

वाईचा घाट
विश्रामबागकर, मीटिंगसाठी अजून एक द्या. पंडिता रमाबाई. कलकत्त्याच्या पंडितांनी परीक्षा घेऊन १८७८ ला पंडिता, सरस्वती या पदव्या दिलेल्या, हिंदुस्थानभर पुरुषांनी भरलेल्या सभांमध्ये बोलून आलेल्या. १८८३ ला इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. चेल्टनहॅमच्या कॉलेजात असताना त्यांनी तरुण मुलग्यांना शिकवावं अशी सूचना निघाली तर इथले दोन बिशप, मुंबईचे आणि लाहोरचे, आडवे आले की हिंदुस्थानात याचा वाईट परिणाम होईल. रमाबाईंना ते पटलं नाही आणि त्यांनी तसं पत्रांतून कळवलं. म्हणजे कलकत्त्याच्या शास्त्र्यांपुढं बोललेल्या बाईला ख्रिस्ती झाल्यावर वर्गात शिकवू नका असं सांगितलं गेलं. याच बाईंनी पुढं केडगावला मुक्ती मिशन उभं केलं आणि हिब्रू-ग्रीक शिकून सगळं बायबल मराठीत आणलं. बाईनं शिकवू नये हे वचन ज्यांना अडतं त्यांनी रमाबाईंच्या बायबलाचं काय करायचं ते सांगावं.

दावीद कोरेगाव
याला माझ्याकडं चटकन उत्तर नाही. रमाबाई आमच्या घरात पूज्य आहेत. तरी मी म्हणेन भाषांतर, अध्यापन हे एक, आणि मंडळीचा अध्यक्ष होणं दुसरं. प्रिस्किल्लेनं नवऱ्याबरोबर अपुल्लोला शिकवलं, प्रेषितांची कृत्ये १८, ते मला मान्यच आहे. ती इफिसाची पाळक होती असं कुठं लिहिलेलं नाही. माझा विरोध आता मेजाच्या अध्यक्षपदापुरता राहिलाय असं धरा. शिकवण्याबद्दल मी आग्रह सोडतो.

कृष्णाकाठ
मधेच येतो, या वर्षी हंगामाचा सण कधी आहे सांगलीत? गेल्या वर्षी लिलावात एक भोपळा नऊशे रुपयांना गेला होता, आमच्या तात्यांनी घेतला आणि परत दान केला, परत लिलाव झाला.

रूथ मिरज
कृष्णाकाठ, वेगळा धागा काढा बरं. आणि त्या लिलावाला हळद, गूळ, अंडी गोळा करत घरोघर कोण फिरतं तेही तात्यांना विचारा.

विश्रामबागकर
मीटिंग झाली, सांगायला आलो.

सुरुवातीला वातावरण गरम होतं. एका सभासदांनी तीमथ्य वाचलं, मी करिंथ ११ वाचलं, दोघंही बायबल उघडं ठेवून बसलो होतो. वाईचा घाट यांच्या तारखा सांगितल्या, १९३० आणि १९५६ ऐकून जुनी मंडळी जरा थबकली कारण त्यांना वाटत होतं मिशनरी साहेब असते तर हे खपवून घेतलं नसतं. मकावची गोष्ट सांगितली. मग मुलीला आत बोलावलं. एकानं विचारलं, लग्न झालं की काय करणार, सासरचे नको म्हणाले तर? ती म्हणाली, "हा प्रश्न तुम्ही मागच्या वेळी ज्या मुलाला पत्र दिलं त्याला विचारला होता का?" आवाज चढवला नाही, विचारलं फक्त. नव्हता विचारला. मी होतो त्या मीटिंगला.

ठराव पास झाला. दोघांचा विरोध होता, तो नावानिशी नोंदवून घेतला, त्यांनी तशी मागणी केली आणि मला ती रास्त वाटली. इंग्लंडनंही १९९३ ला विरोधातल्या मंडळ्यांसाठी वेगळ्या बिशपांची सोय केली होती. आपल्याकडं तेवढं मोठं काही नको, पण विरोधातला माणूस मंडळीतच राहिला पाहिजे. त्या दोघांपैकी एकजण मला नंतर म्हणाले की पोरगी हुशार आहे, पुरुष असती तर आजच सही केली असती. मी म्हटलं हेच वाक्य घरी जाऊन वहिनींना सांगा आणि त्या काय म्हणतात ते मला कळवा.

दावीद भाऊ, तुमचा आदामाचा मुद्दा तिथं निघाला आणि मी प्रामाणिकपणे सांगितलं की याचं पूर्ण उत्तर माझ्याकडं नाही, पण ज्या पौलानं तो लिहिला त्यानंच फिबी या मंडळीच्या सेविकेची शिफारस करून पत्रात तिला रोमच्या मंडळीकडं सोपवलं, तेव्हा मीही शिफारस करतो.

दावीद कोरेगाव
फिबीचं वाचलं. रोम १६. ती शिफारस आहे हे खरं. माझं मत दीक्षेबद्दल तसंच आहे. मुलीला ग्रीकच्या पुस्तकांना पैसे लागतील, माझा नंबर तुमच्याकडं आहे, कळवा.

एस्तेर पी
विश्रामबागकर काका, तिला सांगा बाप्तिस्मा आणि दृढीकरण दोन्हीचे दाखले आत्ताच काढून ठेव, रजिस्टर जुनं असेल तर नावाच्या स्पेलिंगवरून नंतर फार धावपळ होते. शिफारसपत्रावर पाळकांची आणि सेक्रेटरींची दोघांची सही आणि मंडळीचा शिक्का हवा, पुढं ते डायोसिसकडं (बिशपांच्या कार्यालयाकडं) जातं, तिथं मुलाखत होते. मुलाखतीत लग्नाचं नक्की विचारतील, आज दिलेलं उत्तर चालेल. पुण्याला युनियन बिब्लिकल सेमिनरी बघायला यायचं असेल तर ओळखीचं कुणीतरी बरोबर देते. आणि ग्रीकची मुळाक्षरं उन्हाळ्यातच पाठ करून घ्यायला सांगा, पहिल्या सहामाहीत सगळे तिथंच अडतात, मीपण अडले होते.